दिवाळीच्या खरेदीत मूल दरवर्षी रडतं? कुठे रडतं ते आधी बघा

तक्रार साधारण अशी असते. दोन ते सहा वर्षांचं मूल घेऊन दिवाळीच्या खरेदीला लक्ष्मी रोड, तुळशीबाग किंवा दादरला गेलं, की तासा-दीड तासात ते भोकाड पसरतं, हात सोडून पळतं नाहीतर भर रस्त्यात फतकल मारून बसतं. मागच्या वर्षी झालं, त्याच्या आधी झालं, आणि यंदाही होणार या धास्तीनेच आईबाबा घरातून निघतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, "हट्टी आहे." शेजारी म्हणतात, "लाडावून ठेवलंय."

मला हे पटत नाही. तेच मूल बागेत दोन तास आनंदात खेळतं, लग्नाच्या हॉलमध्ये दिवसभर हुंदडतं. बाजारात त्याचं बिनसतं, कारण खरेदीची सगळी आखणी मोठ्यांच्या सोयीने झालेली असते, आणि आखणी दुरुस्त करता येते. त्यासाठी एकच गोष्ट नीट आठवायची: रडारड नेमकी कुठे आणि किती वेळाने सुरू झाली? पहिल्या अर्ध्या तासात रडणाऱ्या मुलाचं दुखणं वेगळं असतं, चौथ्या दुकानात रडणाऱ्याचं वेगळं. सगळ्यांवर चॉकलेटचा एकच उतारा चालत नाही तो त्यामुळेच.

बाजारात शिरल्याशिरल्या किरकिर

गर्दीच्या वेळी लक्ष्मी रोडला एकदा मुलाच्या उंचीला खाली बसून बघा. आकाशकंदील, काचेमागचे कपडे, दिव्यांच्या माळा यातलं काहीही दिसत नाही. दिसतात ते गुडघे, लोंबणाऱ्या पर्स, पिशव्यांचे कोपरे आणि कडेला लावलेल्या गाड्यांचे सायलेन्सर. पिशवीचा कोपरा नेमका डोळ्याशी येतो. त्यात भोंगे, "या ताई, आत बघून जा"चा गलका आणि ऑक्टोबरचं ऊन. अशा जागी दहा मिनिटांत रडू येणं अगदी साहजिक आहे.

यावर उपाय वेळेचा आहे. दसरा ते लक्ष्मीपूजन यांत साधारण वीस दिवस मिळतात. त्यातला पहिला आठवडा, कोजागिरीच्या आसपासचा, मुलांना घेऊन जाण्याचा. वार शक्यतो मधला, वेळ सकाळी दुकानं उघडतात तीच. विक्रेत्यांना बोलायला सवड असते, माल नुकताच मांडलेला असतो आणि मुलाला समोरचं दिसतं. बोनस झाल्यानंतरचे शनिवार-रविवार आणि धनत्रयोदशीच्या आधीच्या संध्याकाळी मुलांसाठी नाहीतच. त्या दिवशी जावंच लागलं तर मूल आजी-आजोबांकडे, मावशीकडे किंवा शेजारी ठेवावं.

दुपारी झोपणाऱ्या मुलाची झोप बाजारासाठी मोडायची नाही. "आज गाडीत झोपेल" हा हिशेब हमखास चुकतो, कारण गाडीतली वीस मिनिटांची डुलकी झाली की मूल आणखी पेंगुळलेलं आणि चिडकं होऊन उठतं. निघण्याआधी पोटभर जेवण, शू, आणि सोबत पाणी. खाऊ साधा आणि हातात धरता येण्यासारखा: तूप-साखर लावून गुंडाळलेली पोळी, केळं, राजगिऱ्याचा लाडू, चुरमुरे. भूक लागल्यावर काढायचा नाही, लागायच्या आधी काढायचा. चड्डीचा एक जादा जोड पिशवीत असावाच. जुन्या पेठांत स्वच्छ स्वच्छतागृह पटकन सापडत नाही. कपड्यांच्या मोठ्या दुकानात ते बहुतेक असतं आणि लहान मूल बघून कुणी नाही म्हणत नाही. दुकानात शिरल्यावर विचारून ठेवा.

बाबागाडी या रस्त्यांवर निरुपयोगी आहे. फूटपाथवर माल, खाली गाड्या, ती ढकलायची कुठून? दीड-दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला पोटाशी बांधायची झोळी उत्तम. त्याहून मोठ्याला चालवावं, पण भिंतीच्या बाजूने. गाड्यांच्या बाजूला मोठं माणूस. सायलेन्सरचा चटका दिवाळीच्या बाजारात मुलांना फार सहज बसतो, कारण तो त्यांच्या पोटरीच्याच उंचीला असतो. बसलाच तर साधं पाणी, आणि तेही वीस मिनिटं वाहतं. सोबतच्या बाटलीतलं पाणी लगेच ओतत जवळचा नळ गाठायचा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावायचं नाही. फोड आला किंवा भाजलेली जागा मोठी असली तर थेट डॉक्टर.

पुण्यातल्यांची एक सोय आता झाली आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून कसबा पेठ, मंडई करत स्वारगेटपर्यंत जाते. मंडई स्टेशनातून वर आलं की तुळशीबाग चालत काही मिनिटांवर. पार्किंग शोधताना जो अर्धा तास मुलाच्या संयमातून वजा होत होता, तो वाचतो. सरकत्या जिन्यावर मात्र मुलाला मधोमध उभं करायचं, हात धरून. पायात मऊ रबरी चपला असतील तर कडेच्या फटीत त्या अडकतात, म्हणून त्या दिवशी बूट किंवा पट्ट्याचे सँडल. कडेवर लहान बाळ असेल तर लिफ्ट.

तिसऱ्या-चौथ्या दुकानात बांध फुटतो

सगळ्यात जास्त घरांत दुखतं ते इथे. मूल झोपलेलं आहे, जेवलेलं आहे, गर्दीही बेताची आहे, तरी तिसऱ्या दुकानात ते "घरी चला"चा धोशा लावतं, मग साड्यांच्या घड्या ओढतं, मग जमिनीवर. कारणं दोन. त्याला काम काहीच नाही, आणि हे संपणार कधी हे त्याला कळत नाही. "पाच मिनिटं थांब" याचा तीन वर्षांच्या मुलाला काही बोध होत नाही. पाच मिनिटं आणि पन्नास मिनिटं त्याला सारखीच.

आधी यादीची फाळणी करा. साड्या, दागिने, बाबांची पँट, मॅचिंग सेंटरमधली ब्लाउजपीसची शोधाशोध, पाहुण्यांना द्यायच्या वस्तू हे सगळं मोठ्यांचं. यात मुलाला नेण्यात कुणाचाच फायदा नाही. एकाच हिरव्याच्या सहा छटा दारात उजेडाला नेऊन बघायच्या, त्या वेळात मुलाने काय करायचं? मुलांची यादी वेगळी आणि छोटी: पणत्या, आकाशकंदील, रांगोळीचे रंग, किल्ल्यावरची चित्रं, उटणं आणि त्याचा स्वतःचा एक कपडा. या प्रत्येक वस्तूत मुलाला निवडता येतं, हाताळता येतं, आणि घरी आल्यावर ती त्याच्या डोळ्यांसमोर वापरली जाते.

किल्ल्याची खरेदी मी नेहमी सगळ्यात आधी ठेवते. मातीवर पेरलेले अळीव, मोहरी हिरवे व्हायला काही दिवस लागतात, तेव्हा किल्ला आधी उभा राहायला हवाच. शिवाय मुलाला बाजार म्हणजे आपलं काम होण्याची जागा आहे, हे पहिल्याच फेरीत कळतं. निघतानाच घरी ठरवायचं: सिंहासनावरचे महाराज एक, मावळे चार, तोफ एक, वाघ एक. बुरुजावर कोण उभं राहणार आणि गुहेत कोण बसणार हे ठरलेलं असलं की मूल दुकानात नेमकं तेवढंच शोधतं. नुसतं "तुला काय हवं ते घे" म्हटलं तर शंभर चित्रांपुढे ते गोंधळतं आणि शेवटी रडतं.

पणत्यांचंही तसंच. पुण्यात कसब्यातला कुंभारवाडा, मुंबईत धारावीचा. तिथे गल्लीत माल पसरलेला असतो, मुलाला खाली बसून हात लावता येतो. माझी धाकटी साडेतीन वर्षांची असताना तिथल्या एका मावशींनी तिला पणती पारखायला शिकवलं. पणती डाव्या तळहातावर ठेवायची, उजव्या हाताच्या बोटाने कडेला टिचकी मारायची आणि कानाशी न्यायची. चांगली भाजलेली पणती टणटणीत वाजते, तडा असला की आवाज बद्द येतो. ती एकेक उचलून टिचकी मारायची, आवाज ऐकायची आणि बद्द निघाली की मान हलवून मावशींच्या हातात परत द्यायची. मावशी ती मुकाट्याने बाजूला ठेवायच्या. डझनभर पणत्यांना मोठ्या माणसाला दोन मिनिटं पुरतात, तिला बराच वेळ लागला, पण त्या सबंध वेळात किरकिर नव्हती. घरी आल्यावर त्या पणत्या बादलीत रात्रभर भिजत घालायच्या, म्हणजे नंतर तेल कमी पितात. ते कामही तिचंच.

आता "संपणार कधी" याचं. घरून निघताना एका कागदावर चार चित्रं काढा: पणती, कंदील, फ्रॉक आणि शेवटी घर. चित्रकला येत नसली तरी चालते, मुलाला कळतं. कागद आणि पेन्सिल त्याच्या खिशात. एकेक काम झालं की त्यानेच फुली मारायची. या चिठ्ठीचा उपयोग मी सांगते त्याहून जास्त आहे, कारण मुलाला पहिल्यांदाच शेवट डोळ्यांना दिसतो. पण मग ती चिठ्ठी मोठ्यांनाही बांधील आहे. "आलोच आहोत तर जरा बोहरी आळीत डोकावून येऊ" म्हटलं की पुढच्या वेळी चिठ्ठीवर मूल भरवसा ठेवत नाही. चौथं चित्र घराचं असेल तर घरीच जायचं. राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी एकट्याने करायचं.

शक्य असेल तेव्हा दोन मोठी माणसं असावीत आणि दोघांनी पाळी लावावी. एकाने खरेदी, दुसऱ्याने फक्त मूल. दोघंही कापडाचा पोत बघत उभे राहिले की मूल कुणाच्याच ताब्यात नसतं. तुळशीबागेत असाल तर आत राममंदिराचं आवार आहे, पेशवाईत नारो अप्पाजी खिऱ्यांनी बांधलेलं. बाहेर खेटून उभी असलेली दुकानं, आणि दरवाज्यातून आत गेलं की मोकळं अंगण. पाच-दहा मिनिटं मुलाला तिथे बसवून पाणी पाजलं की पुढचं एक दुकान सहज निभतं. दादरला, माहीमच्या कंदील गल्लीला जाणाऱ्यांनी अशी विसाव्याची जागा आधीच हेरून ठेवावी. दादरला शिवाजी पार्कचं मैदान चालत जाण्यासारखं आहे, खरेदी त्या दिशेने संपेल अशी बेतली की मुलाला शेवटी धावायला मिळतं.

खेळण्यासमोर पाय रोवले

फुगे, पिपाण्या, साबणाच्या फुग्यांच्या बाटल्या, लुकलुकणारी भिंगरी हे सगळं मुलाच्या नजरेच्या उंचीलाच मांडलेलं असतं. काही विक्रेते खेळणं सरळ मुलाच्या हातात देतात आणि मग आईकडे बघतात. रडणारं मूल सोबत असलं की भाव कमी होत नाही, हे विक्रेत्यालाही ठाऊक असतं. तिथे अवघडून जायचं कारण नाही. "दादा, त्याच्या हातात देऊ नका, आम्हाला घ्यायचं नाहीये," इतकं स्वच्छ बोलावं आणि खेळणं परत करावं.

पण रोज "नाही" ऐकणाऱ्या मुलाला सणाला तरी एक "हो" मिळालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. म्हणून घरीच ठरवायचं: आज एक वस्तू तुझी. चार वर्षांच्या पुढच्या मुलाच्या हातात ठरलेल्या रकमेच्या नोटा द्याव्यात. तुळशीबागेतली भातुकली यासाठी फार चांगली, सुटी भांडी मिळतात, छोटा बंब, पोळपाट-लाटणं, कळशी. पैसे त्याने स्वतः द्यायचे, सुटे परत घ्यायचे. नोटा संपल्या की खरेदी संपली, हे आईने सांगावं लागत नाही. त्यानंतरही काही आवडलं तर फोनवर त्या वस्तूचा फोटो काढून "हे तुझ्या यादीत" म्हणून ठेवावं. बरीच मुलं एवढ्याने निघतात. भाऊबीजेला मामाने काय आणायचं हेही त्याच यादीतून ठरतं.

ठरलेली वस्तू आणि लालूच यांत फरक ठेवावा. आधी ठरलेलं असेल ते रडलं तरी मिळायला हवं. रडल्यावर नव्याने काही कबूल केलं तर पुढच्या दुकानात रडणं आलंच.

ट्रायल रूममध्ये झटापट

लहान मुलांना बाजारात कपडे घालून बघायला लावूच नये. घाम आलेल्या अंगावर जर टोचते, अस्तर चिकटतं, दिवे प्रखर असतात. घरी नीट बसणारा एक कुर्ता किंवा फ्रॉक पिशवीत न्यावा आणि नवा कपडा त्यावर ठेवून मापावा: खांदा, छाती, उंची. मुलांच्या तयार कपड्यांवरचे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे पडतात, "वय ३-४" वाचून घेतलेला हमखास तोकडा निघतो. चपला-बुटांसाठी कागदावर मुलाला उभं करून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढून न्यावी. तीही संध्याकाळी काढलेली, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं.

कपडा निवडताना त्याला दोनच पर्याय द्यावेत: हा पिवळा की हा निळा. आणि फटाके उडवताना घालायचा कपडा सुतीच घ्यावा. नायलॉनची जाळी, घेरदार नेट यांवर ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटतं. चमकता घागरा लक्ष्मीपूजनाला घालू दे, फुलबाजी हातात घेण्याआधी बदलायचा.

बिलाच्या रांगेत

रांगेला एकच माणूस, मूल दुसऱ्याबरोबर बाहेर. एकटेच असाल तर मोबाइल द्यायचा असेल तो इथे द्यावा, चालताना आणि कपडे बघताना नको. आधीच दिला तर तो काढून घेताना वेगळीच लढाई होते.

हात सुटला तर

हा भाग कुणी वगळू नये. घरातून निघताना मुलाचा त्याच दिवशीच्या कपड्यांत फोनवर फोटो काढा. घाबरल्यावर आईलाही शर्टाचा रंग आठवत नाही. मुलाच्या खिशात आईबाबांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, किंवा हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेनने नंबर. नाव बाहेरून दिसेल असं लिहू नये, नाव घेऊन हाक मारणाऱ्यावर मूल विश्वास ठेवतं. आईबाबांचं पूर्ण नाव मुलाला सांगता यायला हवं. बाजारात "आई" म्हणून हाक मारली तर पन्नास बायका वळून बघतात.

मुलाला दोनच सूचना, घरी खेळ म्हणून घोटून घेतलेल्या: मी दिसले नाही तर जिथे आहेस तिथेच उभं राहून मोठ्याने हाक मार. तरी नाही आले तर सगळ्यात जवळच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या माणसाला किंवा पोलिसांना सांग. म्हणूनच "रडलास तर पोलीस पकडून नेतील" ही धमकी कृपा करून कुणी देऊ नये. ज्या माणसाकडे मदत मागायची त्यालाच मूल घाबरू लागतं. "मी चालले तुला सोडून" हेही नको. खरोखर हात सुटल्यावर त्याला वाटतं, आईने बोलल्याप्रमाणे केलं.

मूल दिसेनासं झालं तर एकाने त्याच जागी थांबायचं, दुसऱ्याने शोधायचं आणि आजूबाजूच्या दुकानदारांना लगेच फोटो दाखवायचा. लाजून वेळ घालवू नका. ११२ हा पोलिसांचा, १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर, दोन्ही फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

सगळं केलं, तरी लोळण घेतली

होतं असंही. तेव्हा मुलाला उचलून कडेला न्या, दुकानाच्या पायरीवर, बोळात, देवळात. त्याच्या उंचीला बसा. समजावणं, तासणं, भोवतीच्या काकूंचे सल्ले हे सगळं थांबवा, रडण्याच्या भरात त्याला शब्द ऐकू येत नाहीत. जवळ घेऊ देत असेल तर घ्या, नाहीतर नुसतं बाजूला बसा. रडणं ओसरल्यावर पाणी, मग खाऊ, मग चिठ्ठीवर एकच काम राहिलं असेल तर विचारा. नसेल जमत तर घरी. निवडलेला माल दुकानदाराला बाजूला ठेवायला सांगा, "उद्या येऊन नेते" म्हटलं की बहुतेक जण ठेवतात.

एखादं मूल मात्र प्रत्येकच गर्दीत कान दाबून धरतं, कुकरच्या शिट्टीने, मिक्सरनेही कासावीस होतं, कपड्याचं लेबलसुद्धा त्याला सहन होत नाही. तिथे बाजाराची आखणी बदलून भागणार नाही. बालरोगतज्ज्ञांशी बोला, आणि तोवर त्याला सणाच्या बाजारात नेऊ नका. पणत्या आणि किल्ल्याची चित्रं घरी आणून त्याच्यासमोर मांडा, निवडू त्यालाच द्या.

घरी आल्यावर सुरू होतं

बाजारात शहाण्यासारखं वागलेलं मूल घरी येऊन उंबऱ्यातच रडायला लागतं, तेव्हा ते दमलेलं असतं, बाकी काही नाही. त्या संध्याकाळी पाहुणे, फोनवर आत्याला नवा फ्रॉक दाखवणं, फराळाचा घाट काही नको. आंघोळ, वरण-भात, झोप. कपडा दुसऱ्या दिवशी सकाळी, मूल ताजंतवानं असताना घालून बघा: हात वर करायला लावा, खाली बसायला लावा, गळा डोक्यातून सहज जातो का बघा. तोवर लेबल काढू नका आणि बिल जपून ठेवा. बदलून मिळण्याची मुदत बिल करतानाच विचारून घ्या, दिवाळीच्या तोंडावर काही दुकानं बदली फक्त सकाळच्या वेळात करतात. बदलायला जाताना एकट्यानेच जा.